ऑनलाइन घेतलेले स्पीकर, ओळखीचं दुकान आणि बाराशे रुपये मजुरी

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, आज डोकं जरा तापलंय, म्हणून हा धागा.

सेलमध्ये गाडीच्या पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची कोअ‍ॅक्सिअल (मोठा-छोटा स्पीकर एकातच असलेले) स्पीकर मागवले. चांगल्या ब्रँडचे, जोडी २,९०० ला पडली. हेच मॉडेल नाशकातल्या माझ्या नेहमीच्या दुकानात ४,२०० सांगितलं होतं. तेराशेचा फरक आहे, थोडाथोडका नाही. गाडी २०१७ ची सेकंडहँड हॅचबॅक, लोअर व्हेरियंट. आधीच्या मालकाने कुठले तरी स्पीकर ठोकलेत, त्यातला डावा बोलताना सर्दी झाल्यासारखा वाटतो.

आज खोका घेऊन त्याच दुकानात गेलो. काकांनी खोका हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "बसवायचे बाराशे." मी म्हटलं, काका, भावाच्या गाडीत डेक (म्युझिक प्लेयर) बसवलात तेव्हा फिटिंग फुकट होतं की! तर म्हणतात, "तेव्हा डेक माझ्याकडून घेतला होतास."

मी खोका उचलला आणि निघालो. अर्ध्या तासाच्या कामाचे बाराशे? ही मजुरी आहे की दंड? उद्या रविवार, सर्कलजवळ एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो, तो चारशेत करतो म्हणालाय. तुमचे अनुभव सांगा.

एक_अडाणी | शनिवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. मलाही गाडीत 'टेप' बसवायचा आहे. (आमच्या घरी अजून टेपच म्हणतात.)

कलिना_रिटर्न्स | शनिवार, रात्री ११:१५

दंडच आहे तो. मुंबईत सीएसटी रोडला कलिन्यापासून कुर्ल्यापर्यंत गाडी हळू केलीत की पोरं काचेशी येतात, "सीट कव्हर, साहेब? अँड्रॉइड, साहेब?" त्या अँड्रॉइड स्क्रीनच्या डेकचा भाव सहा हजारापासून सुरू आणि साडेतीनला मिटतो. घरी येऊन शेजाऱ्याला सांगावं तर त्याला तोच तीनला मिळालेला. ऑनलाइन मला स्वस्त म्हणून आवडत नाही हो. तिथे किंमत लिहिलेली असते आणि ती माझा चेहरा बघून बदलत नाही, म्हणून आवडतं.

तारवाला_कोल्हापूर | रविवार, सकाळी ७:३०

दुकानदार बोलतोय, तेव्हा चपला जवळ घेऊन बसा.

वडिलांनी १९९४ ला कॅसेट डेक बसवायला सुरुवात केली. तेव्हा नव्या गाडीच्या डॅशबोर्डला नुसतं भोक असायचं आणि त्यावर एक काळं झाकण. शोरूममधनं गाडी थेट आमच्याकडं यायची, पेढे वाटायच्या आधी. दसरा-पाडव्याला रात्री दोनपर्यंत काम चालायचं.

आता त्या २,९०० चं सांगतो. तसली जोडी मला डिस्ट्रिब्युटरकडनं तीन हजाराच्या वरच पडते. खोटं वाटत असेल तर दुकानात या, बिल दाखवतो. म्हणजे तुम्हाला घरपोच मिळतो तो भाव मला खरेदीलाच मिळत नाही. एका सेलला मी स्वतःच ऑनलाइन चार जोड्या मागवून रॅकवर ठेवल्यात. लाज वाटली, पण ठेवल्या. पुढं गिऱ्हाइकाला वॉरंटीसाठी त्याच्या नावाचं बिल कसं द्यायचं हा घोळ झाला, म्हणून ते बंद केलं.

पण गोदाकाठ, तुमचा राग मला कळतोय, आणि चूक निम्मी आमच्या धंद्याचीच आहे. वीस वर्षं आम्ही बोर्डावर 'फिटिंग फ्री' लिहिलं. फ्री नव्हतंच ते कधी. खोक्यावर हजार सुटायचे, त्यात मजुरीचे पाच-सहाशे घातलेले असायचे. दार उघडायला पैसे पडत नाहीत हे गिऱ्हाइकाला आम्हीच शिकवलं. आता ऑनलाइनवाल्यानं खोका स्वस्त केला आणि आमच्या हातात ती मजुरी उघडी-नागडी राहिली. तुमच्या काकांनी बाराशे म्हटलं ते जरा जास्त आहे, त्यात थोडा राग मिसळलाय असं मलाही वाटतं. पण सगळाच राग नाही.

दोन वर्षांपूर्वी मी दर लिहून भिंतीला लावले. पुढची दोन दारं ७००. डॅम्पिंग शीट (दाराचा खडखडाट दाबणारी) लावायची तर त्याची मजुरी वेगळी. माल माझा असो नाहीतर बाहेरचा, दर तोच. एकच अट लिहिलीय, बाहेरचा स्पीकर फुटका निघाला तर दार पुन्हा उघडायचे पुन्हा पैसे. यावरनं रोज एक तरी भांडण होतं.

गॅसकेट | रविवार, सकाळी ९:०५

तारवाला, असा प्रतिसाद दुकानदाराकडून पहिल्यांदाच वाचला. +१.

मुद्दा थोडा अवांतर, पण खरेदी कुठूनही करा, हे कळायला हवं. डेकच्या खोक्यावर '४ x ५० वॅट' छापलेलं असतं. ते येतं कुठून? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. डेकच्या आतला छोटा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) स्पीकरला जास्तीत जास्त तेवढेच व्होल्ट देऊ शकतो. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, उत्तर ५१.८. झाले तुमचे पन्नास वॅट! पण हा आकडा लहर पूर्ण चौकोनी झाली तरच येतो, म्हणजे आवाज पार फाटलेला असताना. स्वच्छ लहरीला त्याच्या निम्मेच, सव्वीसच्या आत, आणि प्रत्यक्षात १८-२० वॅट आरएमएस (सलग मिळणारी खरी पॉवर) मिळाले तरी पुष्कळ.

म्हणून अ‍ॅम्प घेणार नसाल तर '३५० वॅट पीक' लिहिलेल्या स्पीकरच्या मागे लागू नका. सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. ८८ डीबीचा स्पीकर आणि ९१ डीबीचा स्पीकर यांत तीनच डीबीचा फरक दिसतो, पण तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुप्पट पॉवर लागते. हे ऑनलाइन पानावर खाली बारीक अक्षरात सापडतं. दुकानात विचारलं तर "साहेब, बेस लय वाजतोय बघा" एवढंच उत्तर मिळतं. तारवाला, राग नको.

तारवाला_कोल्हापूर | रविवार, सकाळी ९:४०

राग कसला, मी पण तेच म्हणत होतो दहा वर्षांपूर्वीपर्यंत.

सुमेधा_ठाणे | रविवार, सकाळी ११:२०

गाडी माझ्या नावावर, चालवते मी, पैसे माझे. दुकानात गेलो तर प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला. तो बिचारा फोनमध्ये स्कोअर बघत उभा. मला एकच प्रश्न विचारला गेला, "मॅडम, लायटिंग कुठल्या कलरची आवडेल?" मला कंपोनंट सेट (मोठे-छोटे स्पीकर वेगवेगळे असलेला) हवा होता, ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर आरशामागच्या त्रिकोणात बसवायचे होते. ते सांगितल्यावर तो नवऱ्याकडे बघून हसला.

मग तीन संध्याकाळी वाचन करून सगळं ऑनलाइन घेतलं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येच येऊन काम करणारा एक मुलगा शोधला. आधी कुठल्याशा दुकानात सहा वर्षं होता. त्याचं काम बघत उभी राहिले. दाराच्या पॅडच्या (आतल्या बाजूच्या आवरणाच्या) कडेला आधी कागदी टेप लावली, ओरखडा पडू नये म्हणून. स्क्रूड्रायव्हर न घालता प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक करून सोडवल्या. निघालेले स्क्रू चुंबकाच्या वाटीत ठेवले, डाव्या दाराचे वेगळे, उजव्याचे वेगळे. गाडीची एकही वायर कापली नाही, कपलरला (वायरींच्या तयार प्लगला) कपलर जोडला. अडीच तास लागले, पंधराशे घेतले. मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत, कारण काय काय केलं ते मी बघितलं होतं. दुकानात 'कस्टमर बाहेर बसा' म्हणतात आणि मग बिल बघून माणूस चिडतो.

आता दुसरी बाजू. चार महिन्यांनी उजवा ट्वीटर गप्प झाला. त्या मुलाचा नंबर बंद. बिल नव्हतंच. यूपीआयची नोंद तेवढी आहे.

तारवाला_कोल्हापूर | रविवार, दुपारी १२:१०

ताई, तुमची तक्रार खरी आहे. माझी बायको संध्याकाळी काउंटरला बसते, हिशेब आणि निम्मी ऑर्डर तीच बघते. तिलाही गिऱ्हाईक विचारतं, "मालक कुठायत?" ही खोड काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहे.

आणि ते पोरगं... माझ्याकडचे दोन असेच गेले. हात सोन्याचे. त्यांना माझ्याकडं महिन्याला मिळायचे तेवढे आता बॅग पाठीला लावून दहा-बारा दिवसांत मिळतात. दुकानाचं भाडं नाही, लाईट बिल नाही. मी त्यांना काय म्हणून अडवणार? ट्वीटरचं म्हणाल तर बहुतेक क्रॉसओव्हरजवळचा (बारीक आणि जाड आवाज वेगळे करणाऱ्या डबीजवळचा) जोड सुटला असेल. पॅडच्या आत टेपनं चिकटवलेला क्रॉसओव्हर उन्हानं सुटून लोंबतो. ठाण्यात कुणाकडनं तरी पॅड उघडून बघा, स्पीकर बदलायची घाई नको.

जळका_फ्यूज | रविवार, दुपारी १:३०

नावावरून कळलं असेलच.

सगळे 'दुकान म्हणजे कारागिरी' असं धरून चाललेत. माझ्या गाडीत सब (बेसचा मोठा स्पीकर) आणि अ‍ॅम्प दुकानानेच बसवला, माल दुकानाचा, बिल दुकानाचं. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर ओढली आणि फ्यूज लावला डिकीत, अ‍ॅम्पशेजारी. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच नाही. दीड वर्षाने पत्र्याने वायरचं कातडं खाल्लं. फ्यूज पलीकडच्या टोकाला, मग तो उडणार कसा? पायाजवळून धूर आला तेव्हा मी सिग्नलला उभा होतो. बॅटरीचा पाना डिकीत होता म्हणून वाचलो.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अ‍ॅम्प वाचवायला नसतोच, वायर वाचवायला असतो. आणि जाड वायर घेताना टोक खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, त्याच जाडीत तांब्याएवढा करंट झेपत नाही. स्वस्त वायरिंग किट ऑनलाइनही तसलेच आणि काउंटरवरही तसलेच.

एक_अडाणी | रविवार, दुपारी १:४५

आता टेप नकोच वाटायला लागला.

दूरदेशी | रविवार, रात्री ८:१५

एडिसन, न्यू जर्सीहून. इथे ही लढाई फार जुनी आहे, इंटरनेटच्या आधीची.

१९७४ साली व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला बिल क्रचफील्ड नावाच्या माणसाला एक जुनी पोर्शे ३५६ नीट करून विकायची होती. तिच्यात बसेल असा स्टिरिओ काही मिळेना. त्यातून टपालाने कार स्टिरिओ विकायची कल्पना त्याला सुचली. पहिला कॅटलॉग चालला नाही. मग त्याने गिऱ्हाइकांना प्रश्नावली पाठवून अडतंय कुठे ते विचारलं. पुढच्या कॅटलॉगमध्ये नुसत्या किमती न छापता माल निवडायचा कसा आणि बसवायचा कसा हे लिहिलं, आणि धंदा उभा राहिला. आजही त्यांच्या साइटवर आधी गाडीचं साल, कंपनी, मॉडेल विचारतात. न बसणारा स्पीकर यादीतून गाळतात. डेकसोबत तुमच्या गाडीचा कपलर आणि दार उघडायच्या सूचना पाठवतात, अडलात तर फोनवर माणूस बोलतो.

मी माझ्या जुन्या कोरोलात असाच डेक बसवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग केलं, बायकोचा एक टेबलक्लॉथ जळला, गाणं मात्र वाजलं.

म्हणजे ऑनलाइनवाला कारागिराचं डोकं विकू शकतो, हात फक्त तुमचे लागतात. आपल्याकडच्या मोठ्या साइट मात्र प्रेशर कुकर आणि स्पीकर एकाच पद्धतीने विकतात. 'धिस फिट्स युवर कार' अशी पट्टी दिसते खरी, पण तिच्यावर विसंबू नका असं भारतातला भाऊ सांगतो.

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:३०

हसू नका.

सर्कलवाल्याने चारशेत बसवले. पंचवीस मिनिटांत दोन्ही दारं. गाणं लावलं, झकास. घरी निघालो, टोलला काच खाली केली आणि 'कट्' असा आवाज आला. काच तीन बोटं वर अडकली. जोर लावला तर आतून खरवडल्यासारखं ऐकू येतं. शिवाय डाव्या पॅडचा खालचा कोपरा उचललेला, दोन क्लिपा तुटल्यात. त्याला फोन केला तर म्हणाला, "तुमचा स्पीकरच मोठा आहे, माझं काय?" ऑनलाइन रिटर्न करू म्हटलं तर स्क्रूचे ओरखडे आहेत, घेतील असं वाटत नाही.

तारवाला_कोल्हापूर | रविवार, रात्री ९:४२

काच घालू नका खाली! मॅग्नेटला टेकतेय.

साडेसहा इंच म्हणजे तोंडाचं माप. मागची खोली वेगळी, ती पानावर 'माउंटिंग डेप्थ' म्हणून मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. कंपनीचा स्पीकर उथळ असतो आणि काच दाराच्या आत त्याच्या मागनंच उतरते. बाजारातला स्पीकर जाड मॅग्नेटचा. मध्ये रिंग घालून स्पीकर पुढं आणावा लागतो. रिंग प्लास्टिकची घ्या. एमडीएफची लाकडी स्वस्त मिळते, पण दारात पावसाचं पाणी उतरतंच, एका पावसाळ्यात ती पापडासारखी फुगते.

आणखी एक बघा. पॅडमागं एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पंचवीस मिनिटांत काम झालं म्हणजे तो त्यानं फाडला असणार. तो नसला तर जून-जुलैत पायाखालची कार्पेट ओली होईल आणि तुम्ही सनरूफ नसलेल्या गाडीत गळती शोधत बसाल.

स्पीकर बसवल्यावर पॅड लावायच्या आधी काच चारदा वर-खाली करून बघायची, हे पहिलं शिकवतात पोरांना. स्क्रू पिळणं नंतर.

कलिना_रिटर्न्स | रविवार, रात्री १०:००

मी माझा 'दंडच आहे' निम्मा मागे घेतो. निम्माच.

खरेदीखत | सोमवार, सकाळी १०:१०

थोडं वॉरंटीबद्दल. ऑनलाइन घेताना साइटचं नाव बघू नका, 'विक्रेता' कोण ते बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता, तक्रार कुठे करायची आणि माल कुठल्या देशातला हे दाखवणं बंधनकारक आहे. बऱ्याच ब्रँडच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, ती ताडून बघा. यादीबाहेरच्याकडून घेतलेल्या मालाची वॉरंटी नाकारली गेल्याचं मी दोनदा पाहिलंय. दुकानातून घेताना जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. 'बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर' असं म्हणणाऱ्याकडे वॉरंटीचा विषयही काढू नका. कुठेच दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू देऊ नका, कपलरच लावायला सांगा. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरला इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

गॅसकेट | सोमवार, दुपारी ३:००

आपण सगळे ऑनलाइन विरुद्ध दुकान करत बसलोय, पण डेकचं गिऱ्हाईक दुकानातून खरं कुणी नेलं? गाडी कंपन्यांनीच. एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा स्पीकर आले, सेल्टॉसमध्ये बोस, हॅरियरमध्ये जेबीएल, वरच्या व्हेरियंटला फॅक्टरीतूनच. स्क्रीनमध्येच कॅमेरा, एसी आणि गाडीची सेटिंगं. ती काढून दुसरी लावायची म्हटलं तर निम्मी गाडी मुकी होते.

तारवाला_कोल्हापूर | सोमवार, रात्री १०:२०

बरोबर बोललात. ऑनलाइन धाकटा वैरी, थोरला तो. आता आमच्याकडं येतात ती बेस मॉडेलं, सात-आठ वर्षं जुन्या गाड्या, टॅक्सीवाले. आणि थोडे शौकीन, ज्यांना कंपनीचा स्क्रीन तसाच ठेवून मागं डीएसपी (आवाज बारकाईनं जुळवणारा) अ‍ॅम्प हवा असतो. शौकीन महिन्याला दोन येतात, पण त्या दोघांवर निम्मा महिना निघतो. ते भावावरनं भांडत नाहीत, वायर कुठनं नेली ते खाली वाकून बघतात.

गोदाकाठ | बुधवार, रात्री ११:०५

आज काकांकडे गेलो. बाहेर गाडी लावून पाच मिनिटं आतच बसलो होतो. काय तोंड दाखवू, हा प्रश्न होता. त्यांनीच येऊन काचेवर टकटक केलं. काच तीन बोटं वर अडकलेली बघितली आणि काही बोलले नाहीत. चारशेवाल्याबद्दलही नाही, ऑनलाइनबद्दलही नाही. पोराला हाक मारली, "बारीक रिंग आण रे, अठराची."

मी हट्टाने बाजूला उभा राहिलो (सुमेधाताई, तुमचा सल्ला). पॅड निघालं. प्लास्टिकचा कागद खरंच मधोमध फाटला होता. काकांनी ब्युटिलची काळी पट्टी तापवून तो परत चिकटवला. काचेच्या खालच्या कडेला मॅग्नेटचा अर्धगोल ओरखडा उमटलाय, तो आता राहणार. रिंग बसवली, स्पीकर बसवला, मग टॉर्च दारात घालून मला म्हणाले, "तू कर काच खाली, हळू." मॅग्नेट आणि काच यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा दिसली. चारदा वर-खाली केल्यावरच पॅड लावलं.

बिल: मजुरी १,२००, रिंगची जोडी २५०, क्लिपा ६०. चारशे आधीच गेले होते. स्पीकर धरून एकूण ४,८१०.

कलिना_रिटर्न्स | बुधवार, रात्री ११:२०

स्पीकर काकांकडून ४,२०० ला घेतले असते तरी रिंगा लागल्याच असत्या. त्या धरू नकोस. चारशे हा गाढवपणाचा कर, तोही वेगळा. मग हिशेब ४,१०० विरुद्ध ४,२०० होतो. तू अजून शंभराने जिंकतोयस!

गोदाकाठ | बुधवार, रात्री ११:३१

क्लिपा धर रे मग.

मागच्या दारांचं विचारलं त्यांना. म्हणाले, "घे ऑनलाइन हवं तर, पण मागवायच्या आधी मॉडेलचा फोटो पाठव, खोली बघून सांगतो." फोटो पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.